जुन्या गाडीचं सेंटर, आजची रिम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीप, अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, मॉरिस, फोर्ड ए. अशी गाडी नुसती झाकून न ठेवता जे चालवतात, त्यांच्याकडून चाकांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. चाकाचं मूळ सेंटर तसंच ठेवायचं आणि त्याभोवती आज टायर मिळेल अशी रिम बसवायची, एवढाच विषय आहे. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे घाई केली तर चाक भर रस्त्यात दगा देतं, म्हणून ती लांबवली आहेत.

१. रिम आणि सेंटर यात फरक काय? आम्ही तर अख्ख्या चाकालाच रिम म्हणतो.

पंक्चरवाल्याकडे अख्ख्या चाकाला रिम म्हटलं तरी चालतं, पण या कामात दोन्ही वेगळे धरावे लागतात. बाहेरचं गोल कडं, ज्यावर टायर बसतो, ती रिम. आतली तबकडी, जिला नटांची भोकं असतात आणि जी हबवर (अ‍ॅक्सलच्या टोकाचा, चाक बसवायचा भाग) बसते, ते सेंटर. पत्र्याच्या चाकात हे दोन भाग वेगवेगळे बनवून रिव्हेटने किंवा वेल्डिंगने जोडलेले असतात. म्हणूनच ते सुटे करता येतात.

सेंटर गाडीचं असतं आणि रिम टायरची. नटांची भोकं, मधलं भोक, व्हीलकॅपच्या खुंट्या, तबकडीचा घाट हे सगळं त्या गाडीपुरतंच असतं आणि आज ते नवं मिळत नाही. रिमची मापं मात्र जगभर ठरलेली आहेत. म्हणून जपायचं ते सेंटर, बदलायची ती रिम. पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

२. एवढा खटाटोप कशाला? दुसऱ्या गाडीचं अख्खं चाक का नाही लावायचं?

बसत असेल तर जरूर लावा. जीपची पाच नटांची चाकं १३९.७ मिमी वर्तुळावर आहेत आणि मारुती जिप्सीचीही तीच. त्यामुळे जीपवाल्यांना पर्याय असतो. मधलं भोक, ऑफसेट (प्रश्न ५) आणि नटांची बैठक (प्रश्न १९) तपासून अख्खं चाक लावता येतं.

अडचण बाकीच्यांची. मापं जुळली तरी गाडीचं रूप जातं. अ‍ॅम्बेसेडरला किंवा पद्मिनीला तिच्या व्हीलकॅपशिवाय पाहिलं तर लगेच खटकतं. दुसरीकडे जुनी रिम गंजून कडेला पातळ झालेली असते, अरुंद असते (त्या काळच्या पुष्कळ रिम ४ ते ४.५ इंचांच्या), आणि तिच्यावर रेडियल, म्हणजे आजच्या पद्धतीचा टायर नीट बसत नाही. रूप ठेवायचं आणि टायर आजचा घालायचा असेल तर सेंटरवर नवी रिम चढवणं हाच मार्ग उरतो.

३. माझ्या रिमला टेप लावली तर १६ इंच येतात, पण टायरवर १५ लिहिलंय. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. रिमचा व्यास बाहेरच्या कडेवर मोजत नाहीत, टायरची बीड (रिमला चिकटणारी टायरची आतली जाड कड) जिथे बसते त्या बैठकीवर मोजतात. दोन्ही बाजूंची कड वर उचललेली असते, म्हणून टेपवर इंचभर जास्त येतं. तेही नेमकं १५ इंच नसतं: १५ इंची मोटाररिमची बैठक ३८०.२ मिमी, १४ इंचीची ३५४.८ आणि १६ इंचीची ४०५.६ मिमी. ही बैठक सपाट नसून ५ अंशांनी उतरती असते.

हे सांगायचं कारण, अर्ध्या इंचाच्या रिम. १६.५ इंची म्हणून काही रिम असतात, त्यांचा उतार १५ अंशांचा. त्यांच्यावर १६ इंची टायर चढवायला गेलं तर तो चढतो, बसल्यासारखा दिसतो आणि हवा भरताना त्याची बीड तुटते. यात माणसं जबर जखमी झाली आहेत. भंगारात मिळालेल्या रिमवरचा कोरीव आकडा वाचता येत नसेल तर ती घेऊ नका.

४. नटांच्या वर्तुळाचं माप (पीसीडी) घरी कसं घ्यायचं?

चार किंवा सहा नट असतील तर सोपं. समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर हेच माप. पाच नटांना समोर भोकच नसतं, आणि अंदाज तिथेच चुकतात. पाचाच्या चाकाला शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि १.७०१ ने गुणा. जीपच्या चाकावर हे अंतर साधारण ८२.१ मिमी भरतं, गुणाकार १३९.७.

भोकाचा मध्य नजरेने धरू नका. एका भोकाच्या डाव्या कडेपासून शेजारच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावा. भोकं सारख्या मापाची असतील तर हेच मध्यांमधलं अंतर. भोकं झिजून लंबगोल झाली असतील तर स्टडवरून (नट ज्यांवर आवळतात ते आटेदार दांडे), म्हणजे ड्रमवर मोजा. आणि भोकं खरंच लंबगोल असतील तर आधी प्रश्न ८ वाचा.

मूळ सेंटर वापरताना पीसीडी मोजायची गरज खरं तर नसते, ते आपल्याच गाडीचं असतं. ही तपासणी हवी ती जुन्या बाजारातून जादा सेंटर घेताना. ९८ आणि १०० मिमी, ११२ आणि ११४.३ मिमी या जोड्या फसव्या आहेत. नट आवळले जातात, चाक बसल्यासारखं वाटतं, पण एक-दोन नटच खरे टेकलेले असतात.

५. ऑफसेट काय असतं, आणि जुन्या चाकाचं कसं काढायचं? त्यावर तर काहीच लिहिलेलं नाही.

रिमच्या रुंदीची मधली रेघ आणि हबवर टेकणारा सेंटरचा पृष्ठभाग, या दोहोंतलं अंतर म्हणजे ऑफसेट. जुन्या चाकावर ते लिहिलेलं नसतं, पण काढायला पाच मिनिटं पुरतात. टायर काढलेलं चाक जमिनीवर पालथं ठेवा, म्हणजे हबकडची बाजू वर येईल. रिमच्या कडेवर एक सरळ पट्टी आडवी टाका. पट्टीपासून खाली हबवर टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजा. मग रिमची बाहेरून बाहेर रुंदी मोजा. खोलीतून अर्धी रुंदी वजा केली की ऑफसेट.

समजा ४.५ इंची जुनी रिम बाहेरून १४० मिमी आहे आणि खोली ९५ मिमी. ९५ वजा ७०, म्हणजे ऑफसेट अधिक २५. आता ५ इंची नवी रिम घेतली, ती बाहेरून साधारण १५२ मिमी. तोच ऑफसेट ठेवायचा तर खोली ७६ अधिक २५, म्हणजे १०१ मिमी हवी. वाढलेले १२ मिमी आत सहा आणि बाहेर सहा असे विभागले जातात.

ऑफसेट मूळचाच ठेवा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. चाक बाहेर काढलं की गाडी रुंद, दमदार दिसते खरी, पण स्टिअरिंग जड होतं, खड्ड्यात हिसका बसतो आणि व्हील बेअरिंगवर जोर वाढतो. सत्तर वर्षांपूर्वीच्या फ्रंट एंडवर हा भार टाकण्यात शहाणपण नाही.

६. कोणत्या गाडीची रिम घ्यावी? थेट नाव सांगा.

नाव सांगून उपयोग नाही. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या रिम आलेल्या असतात. काय पाहायचं ते सांगतो.

टायर उतरवता-चढवता यावा म्हणून रिमच्या पोटात एक खोल पट्टा असतो. जुनं सेंटर बहुधा या पट्ट्याच्या आतल्या बाजूला टेकून जोडलेलं असतं. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं माप या पट्ट्याचा आतला व्यास. तो तुमच्या सेंटरच्या बाहेरच्या व्यासाला जुळला पाहिजे. १५ इंची दोन रिमचा टायरकडचा व्यास सारखाच असतो, पण पट्ट्याची खोली वेगळी असू शकते. बाजारात जाताना सेंटरचं माप कागदावर नको, सेंटरच गाडीत टाकून न्या.

दुसरं, हा पट्टा रिमच्या रुंदीत कुठे आहे ते पाहा. आजच्या रिममध्ये तो बाहेरच्या कडेकडे सरकलेला असतो. त्यामुळे सेंटर बसण्याची जागा बदलते आणि ऑफसेट हलतं. तिसरं, रिम ब्रेक ड्रमवरून फिरते का. जुने ड्रम मोठे असतात, आणि खोल पट्ट्याची रिम ड्रमला नाही तर स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटला घासते.

रुंदीचा मोह आवरा. १७५ मिमी रुंदीच्या टायरला ५ इंची रिम पुरते.

७. मूळ चाकंच कापू का?

नको. पाच मूळ चाकं धुऊन, ग्रीस लावून, गाडीच्या नावाची चिठ्ठी बांधून ठेवून द्या. कामासाठी भंगारातून किंवा दुसऱ्या मालकाकडून जादा चाकं मिळवा, त्यांची रिम सडलेली असली तरी हरकत नाही, सेंटर धड हवं. अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी आणि जीप यांची अशी चाकं महाराष्ट्रात अजून सापडतात. पद्मिनी कुर्ल्यातच बनायची आणि मुंबईची टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं धावली, त्यामुळे तिचा माल तर घराजवळ आहे. १९३० च्या आसपासची गाडी असेल आणि जगात तुमच्याजवळच तेवढी चार चाकं असतील, तर त्यांना हात लावू नका. नव्या सेंटरचा पर्याय प्रश्न १५ मध्ये आहे.

८. जुनं सेंटर धड आहे की नाही हे कसं ओळखायचं?

रंग पूर्ण काढल्याशिवाय ओळखता येत नाही. सँडब्लास्टिंग करून उघड्या लोखंडावर पाहा. तडे येतात ते नटांच्या भोकांभोवती, हवेसाठी कापलेल्या खिडक्यांच्या कोपऱ्यांत आणि रिव्हेटच्या रांगेत. डोळ्याला न दिसणारा तडा डाय पेनिट्रंटने दिसतो. लाल द्रव फवारायचा, थोडं थांबून पुसायचा, वर पांढरी भुकटी मारायची. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात हे डबे मिळतात.

नटांच्या भोकांचा उतार झिजून चपटा झाला असेल, भोक लंबगोल असेल, किंवा हबवर टेकणारी बाजू सपाट नसेल तर ते सेंटर बाजूला ठेवा. भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडून देणारे कारागीर आहेत. मी ते करून घ्यायला सांगणार नाही. चाकाचा सगळा भार त्या पाच जागांवर असतो.

९. रिम आणि सेंटर वेगळं कसं करायचं?

जोडणी पाहा. रिव्हेट असतील तर डोकं ग्राइंडरने सपाट करून मधोमध पंच मारा आणि रिव्हेटपेक्षा किंचित बारीक ड्रिलने पोखरा. उरलेला भाग ठोकून निघतो आणि भोक मोठं होत नाही. वेल्डिंग असेल तर टाका रिमच्या बाजूने कापा. कटर एका बाजूला जाणारच आहे, तो टाकाऊ रिमच्या पोटात जाऊ द्या. गॅस कटरने उडवू नका, सेंटर तापून वाकतं. शेवटी सेंटर लेथवर हबच्या भोकात धरून बाहेरची कड हलकी साफ करून घ्या. धरायचं ते हबच्या भोकात आणि टेकणाऱ्या बाजूवरच; गाडीवर ते तिथेच बसणार आहे.

१०. बसवणी आणि वेल्डिंग नेमकं कसं होतं?

हे काम चांगल्या टर्नरचं आणि चांगल्या वेल्डरचं, दोघांचं मिळून आहे. आपण तिथे उभं राहावं.

सेंटर रिममध्ये सैल पडता कामा नये. हलक्या दाबाने, कडेकडेने ठोकत जाईल इतकं घट्ट हवं. सेंटर थोडं मोठं असेल तर लेथवर कड उतरवता येते, पण मुडपलेली कड पातळ होऊ लागली की थांबा आणि दुसरी रिम शोधा. सेंटर लहान असेल तर फट वेल्डिंगच्या मालाने भरायची नाही. पट्टी गोल वळवून तिचं कडं सेंटरवर जोडायचं आणि मग ते लेथवर रिमच्या मापाला आणायचं.

त्यानंतर सेंटर हबवर किंवा त्याच मापाच्या फिक्स्चरवर (काम घट्ट धरायचा साचा) नटांनी आवळायचं. जुना ड्रम आणि स्टब अ‍ॅक्सल वाइसमध्ये धरला तर छान फिक्स्चर होतं. रिम चढवून प्रश्न ५ मधली खोली लावायची आणि डायल गेजचं (बारीक हलणं काट्याने दाखवणारं साधन) टोक टायरची बीड जिथे बसते तिथे टेकवायचं. बाहेरच्या कडेवर नको, ती ठोकर खाल्लेली असू शकते. चाक हाताने हळू फिरवत डायलचा काटा पाहायचा, जिथे उठतो तिथे लाकडी हातोडीने टिचकी मारायची. काटा शांत झाला की चार टॅक (वेल्डिंगचे छोटे तात्पुरते टाके), समोरासमोर. पुन्हा फिरवायचं, पुन्हा पाहायचं. टॅकने ओढलं असेल तर तो टॅक कापून परत मारायचा.

मग टाके. अखंड गोल टाका मारू नये, उष्णतेने रिम अंडाकृती होते. मूळ कारखान्यातही बहुतेक चाकांना तुकड्यातुकड्याने वेल्डिंग असतं. दीड-दोन इंचांचा टाका मारायचा, पुढचा बरोब्बर समोर, मग काटकोनात, आणि हात लावता येईल इतकं थंड झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. मिग वेल्डिंग यासाठी चांगलं. पाणी ओतून थंड करायचं नाही. आजच्या रिम पातळ आणि जास्त ताकदीच्या पत्र्याच्या असतात, जास्त तापवल्या की टाक्याशेजारचा पत्रा मऊ पडतो. प्रत्येक दोन टाक्यांनंतर डायल. घाईचा वेल्डर अर्ध्या तासात चाक हातात देतो, चांगला अर्धा दिवस घेतो.

११. किती ‘आऊट’ (चाकाचं फिरताना डुलणं) चालतं?

वरखाली आणि आजूबाजूला, दोन्हीकडे बीडच्या बैठकीवर १ मिमीच्या आत आणा. नव्या पत्र्याच्या चाकाकडूनही साधारण एवढीच अपेक्षा असते. जास्त असेल तर बॅलन्सिंगचं वजन लावून ते झाकता येत नाही. वजन जडपणाचा फरक घालवतं, अंडाकृती चाक अंडाकृतीच राहतं, आणि साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग हातात थरथरतं.

१२. टायर न काढता, नुसती हवा सोडून वेल्डिंग केलं तर?

कधीही नाही. हवा सोडलेली असली तरी नाही, व्हॉल्व्ह काढलेला असला तरी नाही. तापलेल्या रिममुळे आतलं रबर जळून ज्वालाग्राही वायू तयार होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. अशा स्फोटांत लोक जागीच गेले आहेत. दुकानदार ‘आम्ही नेहमी करतो’ म्हणाला तर चाक उचलून घरी या.

१३. नवी रिम लावलीच आहे, तर ट्यूबलेस करू का?

रिम ट्यूबलेसची असेल आणि तुमच्या वेल्डिंगने ती आरपार कुठे भाजली नसेल, तर करता येतं. ट्यूबलेस रिमच्या बैठकीच्या आतल्या बाजूला एक बारीक उंचवटा असतो, बोट फिरवलं की लागतो. वळणावर बीड आत घसरू नये म्हणून तो असतो. जुन्या रिमला तो नसतो, म्हणून तिच्यावर ट्यूबलेस चालवू नये. रिव्हेटने जोडलेल्या चाकातही नाही, रिव्हेटमधून हवा झिरपते.

ट्यूब घालणार असाल तर तीन गोष्टी पाहा. रिमच्या पोटात वेल्डिंगचा खडबडीतपणा हाताला लागता कामा नये. टायरच्या आत चिकटवलेली कागदी लेबलं काढा, ती ट्यूब घासून फोडतात. आणि व्हॉल्व्हचं भोक मोजा. आजच्या मोटाररिमला बहुधा ११.५ मिमीचं असतं, काही जुन्या आणि जड गाड्यांच्या रिमला १५.७ मिमीचं. बारीक व्हॉल्व्ह मोठ्या भोकात हलत राहिला की मुळाशी चिरतो.

१४. ५.९०-१५ च्या जागी कोणता रेडियल?

जुन्या आकड्यात रुंदी इंचात दिलेली असते आणि उंची वेगळी लिहिलेली नसते. ती जवळपास रुंदीएवढीच धरायची. ५.९०-१५ चा टायर साधारण ६६० मिमी व्यासाचा भरतो. १७५/८० आर १५ चा हिशोब करू: १७५ मिमी रुंदी, तिच्या ८० टक्के, म्हणजे १४० मिमी उंची. रिम ३८१ मिमी, अधिक दोन्ही बाजूंचे १४० प्रमाणे २८०, एकूण ६६१. जुळलं. ६५ किंवा ६० टक्क्यांच्या टायरने गाडी बुटकी दिसते, मीटर खोटं बोलतं आणि चाकाच्या कमानीत पोकळी उरते. आपल्या टायरचा हिशोब असाच करा, आणि भारक्षमता मूळपेक्षा कमी होत नाही ना ते बघा.

१५. तारांच्या किंवा लाकडी आऱ्यांच्या चाकाचं काय?

इथे वरचं वेल्डिंगचं काहीच लागू होत नाही. ज्या तारा नट फिरवून ताणता येतात, त्या चाकाला नवी रिम चढते, पण रिमला भोकं तारांच्या तिरक्या कोनातच पाडावी लागतात. सरळ पाडली तर तार मुळाशी वाकते आणि तुटते. फोर्ड ए ची चाकं तारांची दिसतात (१९२८-२९ ला २१ इंची, १९३०-३१ ला १९ इंची), पण त्यांच्या तारा वेल्ड केलेल्या आहेत. ती कापून दुसरी रिम लावू नका. या दोन्ही मापांचे टायर परदेशात आजही नवे बनतात.

त्याआधीच्या गाड्यांवर बीडेड एज रिम असते. तिच्या टायरच्या बीडमध्ये तार नसते, तो निव्वळ हवेच्या दाबाने कडेत अडकून राहतो. हवा गेली की निसटतो. तिच्यावरचे आकडेही वेगळे: ३० × ३½ मध्ये ३० हा टायरचा बाहेरचा व्यास, त्यातून दोनदा साडेतीन वजा केले की रिम २३ इंची. अशा लाकडी चाकाला आजची रिम हवी असेल तर नवी लाकडी चाकं घडवून त्यांवरच ती चढवावी.

आणि ओतीव लोखंडाचं सेंटर असेल तर वेल्डिंगचं नाव काढू नका. त्याला तडा जातोच. त्यासाठी, आणि प्रश्न ७ मधल्या दुर्मीळ चाकांसाठीही, जाड स्टील प्लेटमधून नवं सेंटर सीएनसीवर कापून लेथवर काढणं जास्त बरं.

१६. ६.००-१६ चा टायर कृषी सेवावाल्याकडे स्वस्त मिळतोय. जीपला चालेल ना?

माप तेच, टायर वेगळा. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा ६.००-१६ उभ्या तीन धारांचा असतो आणि त्यावर ए६ किंवा ए८ असं लिहिलेलं असतं. म्हणजे ताशी ३० किंवा ४० किमी. हायवेला तो तापून फुटतो. १९ इंची टायरचंही तसंच. उसाच्या पट्ट्यात रबरी चाकांच्या बैलगाड्यांना १९ इंची टायर लागतात, त्यांवर एडीव्ही असं छापलेलं असतं. ते जनावराच्या वेगासाठी आहेत. जुन्या फोर्डला लावायचे नाहीत, प्रदर्शनापुरतेही नाहीत, कारण प्रदर्शनाला गाडी चालवतच नेतात.

१७. अ‍ॅलॉय रिम चालेल का? आणि अ‍ॅडॉप्टर प्लेट?

अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड वेल्ड होत नाही, त्यामुळे जुन्या पत्र्याच्या सेंटरला अ‍ॅलॉय रिम हा विषय संपला. अ‍ॅडॉप्टर प्लेट हबवर आवळून तिच्यावर दुसऱ्या पीसीडीचं चाक लावतात. ते चालतं, पण चाक प्लेटच्या जाडीएवढं बाहेर जातं (प्रश्न ५), शिवाय नटांचा आणखी एक संच सांभाळावा लागतो.

१८. महायुद्धातल्या जीपची दोन तुकड्यांची रिम आहे. तिच्यावर काय करता येईल?

तिला तसंच ठेवा. दोन अर्धुकं बोल्टने आवळून ती रिम बनते. टायरमध्ये हवा असताना ते नट सैल केले तर अर्धुक उडून तोंडावर येतं. हबचे नट कोणते आणि रिमचे कोणते हे ओळखत नसलेल्या मेकॅनिकच्या हाती ते चाक देऊ नका. रिमच्या नटांना वेगळा रंग दिला तर घोटाळा टळतो. रोज चालवायला नागरी जीपची एकसंध ४.५ इंची चाकं घ्या. त्या जीपच्या डाव्या बाजूच्या स्टडांना उलटे आटे असतात हेही ध्यानात ठेवा. नट सुटत नाही म्हणून पाइप लावून स्टड मोडू नका.

१९. नट जुनेच वापरू का?

सेंटर जुनं तर नटही त्याच बैठकीचे. कुठे उतरता ६० अंशांचा शंकू असतो, कुठे गोळ्यासारखी बैठक, कुठे सपाट. एकाचा नट दुसऱ्यावर आवळला तर तो रेघेवर टेकतो आणि सैल पडतो. सेंटरच्या बैठकीवर आणि नटाखाली जाड रंग ठेवू नका, तो दबला की नट सैल होतो. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा आणि टाक्यांवर बॅटरी मारून रंगाला कुठे केसासारखी चीर नाही ना ते पाहा. याच कारणाने नव्या चाकांवर पहिले काही महिने क्रोम किंवा पावडर कोटिंग नको, साधा फिका रंग द्या. त्यावर गंजाची रेघ लगेच दिसते.

२०. आरटीओ आणि विमा?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. मूळ व्यासाची, मूळ ऑफसेटची रिम ठेवण्याचं हे आणखी एक कारण. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. त्यात ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते, आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल नसावा अशी अट आहे. तिथे तपासणीला जाताना मूळ चाकं लावून जा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा.

२१. चारच चाकं करून घेतली, स्टेपनी जुनीच राहू दे का?

पाचही करा. स्टेपनीचा टायर क्रॉसप्लाय (जुन्या पद्धतीचा) आणि बाकीचे रेडियल असतील तर पंक्चर झाल्यावर एकाच अ‍ॅक्सलवर दोन जातींचे टायर येतात, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. पैशांअभावी आधी दोनच चाकं होत असतील तर दोन्ही रेडियल मागे लावा, क्रॉसप्लाय पुढे. उलटं केलं तर वळणावर गाडीची मागची बाजू सुटते. उरलेली दोन झाली की स्टेपनी, तोवर लांबचा प्रवास टाळा.